ओझा तोन्दोनची दाढ

नंबोल, ५ नोव्हेंबर १९९६

तामो, खुरुमजरि.

आज सकाळी दाट धुकं होतं. दहा वाजता दवाखाना उघडला. तिघे आले. एका मास्तरांचे दात साफ केले, एका मुलीचा दुधाचा दात काढला, आणि तिसरे ओझा तोन्दोन. दुपारी लाइट गेली ती संध्याकाळी आली. जेवण झाल्यावर हे लिहायला बसले आहे.

ओझा तोन्दोन तुम्हाला आठवतात का, ठाऊक नाही. तुम्ही घर सोडून कलकत्त्याला गेलात तेव्हा ते तरुण असतील, कोणी त्यांना ओझा, गुरू, म्हणत नसेल. कीर्तनाच्या मंडपात दोन हातांत दोन शंख धरून एकदम फुंकतात ते. आता इकडे त्यांच्या तोडीचं कोणी नाही. मांगलेमचे ते मित्र होते. १५ डिसेंबरला मांगलेमना जाऊन वर्ष होतं. त्या दिवशी वर्षश्राद्धाची फिरोइ आहे, तिच्यात शंख तेच फुंकणार आहेत. केळीच्या पानावर पानसुपारी घेऊन मी स्वतः त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली. म्हणजे शब्द दिला.

आता त्यांना शंख ओठाला लावता येत नाही. डावीकडची खालची पहिली मोठी दाढ दुखते आहे आणि सूज आहे. मांगलेमनी गेल्या वर्षी याच दाढेच्या मुळांमधल्या नळ्या साफ करून भरल्या होत्या. ते आजारी पडायच्या आधीचं जवळजवळ शेवटचं काम.

ओझांबरोबर त्यांची बायको इबेतोन आली होती. ती म्हणाली, "बघ गं इबेमा, लेकी, आख्ख्या गावाचे कान फोडणाऱ्याला आता 'मीठ वाढ' म्हणता येईना. लग्न झाल्यापासून घरात एवढी शांतता नव्हती. माझं म्हणशील तर राहू दे असाच."

ओझा एका बाजूच्या तोंडाने म्हणाले, "आधी हिला खुर्चीत बसव. हिचीच एखादी काढून टाक. जिभेसकट निघाली तरी चालेल."

ते इम्फाळला एका दंतवैद्याकडे जाऊन आले आहेत. दाढ काढावी लागेल, असं त्याने सांगितलं. ओझांना ती काढायची नाही.

आणखी एक लिहायचं आहे. परवा बाजारात मासळीवाल्या बाईने माझ्या तोंडावर म्हटलं, "तुझा डॉक्टर नवरा गेला, आता त्याने भरलेले दातही एकेक करून त्याच्या मागे निघाले वाटतं." बाकीच्या हसल्या. मी मासे घेतले आणि आले. पण पेशंट कमी झाले आहेत, ते मला दिसतं.

आज काढलेली एक्स-रे फिल्म सोबत पाठवते. तुम्ही आम्हा दोघांचे शिक्षक. पाहून सांगा. मांगलेमनी काही चुकवलं असेल तर तसंही लिहा.

तुमची,
तंफा


कलकत्ता, १३ नोव्हेंबर १९९६

तंफा,

तू भावाला पत्र लिहितेस की ठाण्यात जबाब देतेस? धुकं होतं, लाइट गेली, लाइट आली. खाल्लंस काय, झोप लागते का, रात्री सोबतीला कोणी असतं का, याचा एका ओळीने पत्ता नाही. पुढच्या पत्रात हे सगळं आधी, आणि मग दाढ.

फिल्म मिळाली. खिडकीशी धरून पाहिली, मग भिंगातून पाहिली. आता नीट ऐक. खालची पहिली मोठी दाढ. मुळं दोन, एक पुढे, एक मागे. पुढच्यात दोन नळ्या, मागच्यात एक. अठ्ठावीस वर्षं मी दर पावसाळ्यात नव्या पोरांना साबणाच्या वडीतून ही दाढ कोरायला लावतोय. झोपेत उठवलंस तरी सांगेन. तुझ्या फिल्ममध्ये तिन्ही नळ्या भरलेल्या दिसतात, टोकापर्यंत. तरी मागच्या मुळाच्या टोकाशी काळी सावली आहे. याचा अर्थ एकच. भरण्याआधी आत घाण राहिली. वरून रंगरंगोटी छान, आत कचरा.

मांगलेम माझाच विद्यार्थी. हात सुरेख, पण घाई फार. तेव्हाही होती. तुला वाईट वाटेल, पण तूच लिहायला सांगितलंस.

इम्फाळचा तो दंतवैद्य बरोबर आहे. दाढ काढ. सूज उतरायची वाट बघ आणि काढ. शंख दुसरा कोणीतरी फुंकेल. नंबोलमध्ये फुप्फुसं काय फक्त तोन्दोनलाच दिली आहेत? गेलेल्या माणसाचा मोठेपणा एका दाढेत शोधत बसू नकोस. ते डॉक्टरचं काम नव्हे.

इथे आंबवलेल्या मासळीची जी नगारी मिळते तिला नुसत्या मासळीचा वास येतो. नगारीला नगारीचा वास यायला हवा. थोडी पाठव. डबा नीट बंद कर, मागच्या वेळी पोस्टमन तीन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

फिरोइला यायचा प्रयत्न करतो. नेमक्या तेव्हाच परीक्षा आहेत. गेल्या वर्षीही मला पोचता आलं नाही, ते डोक्यातून जात नाही.

तुझा,
तामो


नंबोल, २० नोव्हेंबर १९९६

तामो, खुरुमजरि.

पत्र मिळालं. मी जेवते. झोप बरी लागते. शेजारची सून रात्री येऊन झोपते. नगारी आजच पाठवली. डब्याचं झाकण मेणाने बंद केलं आहे.

मांगलेमनी घाई केली असं तुम्ही लिहिलंत. एका दाढेसाठी ते लोकांना चार चार वेळा बोलवायचे. लोक कंटाळायचे. ओझांना तर त्यांनी भातकापणीत बोलावलं होतं, आणि त्यावरून इबेतोन दवाखान्याच्या दारात उभी राहून भांडली होती. ते माझ्यासमोर झालं.

तरी तुमचं म्हणणं मनात ठेवून मी दाढ उघडली. दाढेवरची टोपी काढली, निलगिरीच्या तेलाने आतलं रबर मऊ करून उपसलं. पुढच्या दोन्ही नळ्या स्वच्छ निघाल्या. मागचीही. वास नाही, पू नाही. नळी खरवडायची प्रत्येक फाइल मी पांढऱ्या कापसावर पुसून पाहिली. आत कचरा नव्हता, तामो.

मग दुखणं कुठून येतं? दोन गोष्टी लिहिते. ओझांची सूज गालाच्या बाजूला नाही, जिभेच्या बाजूला आहे. हे मी पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. आणि फिल्ममध्ये मागच्या मुळाच्या कडेने आणखी एक बारीक रेघ जाते, मुळाच्या कडेसारखीच. तुम्ही ती पाहिलीत का? एकाच मुळाला दोन कडा कशा दिसतील? मला वाटतं, त्या मुळाच्या मागे आणखी काहीतरी आहे आणि समोरून फिल्म काढली की ते झाकलं जातं. यंत्राची नळी तिरकी धरून दुसरी फिल्म काढणार आहे. दोन दिवस लाइटचा भरवसा नाही.

तात्पुरतं औषध भरून दाढ बंद केली आहे. ठणका कमी आहे, सूज तशीच आहे.

तुमचा सल्ला मी ओझांना सांगितला. ते म्हणाले, "काढ म्हणतो? आमच्यातल्या चाओबाची याच जागची दाढ काढली. गाल आत गेला. तेव्हापासून तो एकच शंख फुंकतो. दुसरा नुसता हातात धरून उभा असतो, कोणाचं तरी सामान सांभाळल्यासारखा."

इबेतोन म्हणाली, "मग तुम्हीही सांभाळा."

एवढ्यावर ते हसले नाहीत. मला म्हणाले, "इबेमा, मांगलेमच्या मंडपात मी सामान सांभाळत उभा राहणार नाही. पानसुपारी मी उचलली आहे. दाढ काढायचीच तर सोळा तारखेला काढ. पंधराला ती माझ्या तोंडात हवी, आणि दुखायला नको."

मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

तंफा


तार
कलकत्ता, २८ नोव्हेंबर १९९६

रेघ म्हणजे हात हललेला. दाढ काढ. फाइल तुटेल. हट्ट नको. तामो.


नंबोल, १ डिसेंबर १९९६

तामो, खुरुमजरि.

तार काल मिळाली. तोवर काम झालं होतं. सगळं क्रमाने लिहिते.

सत्तावीस तारखेला दुपारी लाइट आली. ओझांना निरोप पाठवला, ते सायकलवरून आले. फिल्म तोंडात मागच्या वेळच्याच जागी ठेवली, पण यंत्राची नळी दाढेच्या अगदी समोर न धरता पुढच्या दातांच्या बाजूला सरकवली आणि तिरकी केली. ओझांना म्हटलं, श्वास रोखा. ते म्हणाले, "ते मला शिकवू नकोस." यंत्र बंद झाल्यावरही त्यांनी श्वास सोडला नाही. मला दाखवायचं होतं म्हणून.

फिल्म धुवायला अंधाऱ्या कपाटात गेले. लाल दिव्यात आधी दाढेची वरची कड आली, मग पुढचं मूळ. मग मागचं मूळ आलं आणि ते दोन झालं. एक जाड, सरळ, मांगलेमनी भरलं होतं ते. दुसरं जिभेच्या बाजूला, बारीक, टोकाशी आकड्यासारखं वळलेलं. त्यात काहीच भरलेलं नव्हतं. काळी सावली त्याच्याच टोकाला होती.

तामो, या दाढेला तीन मुळं आहेत.

फिल्म ओली असतानाच मी बाहेर घेऊन आले. माझ्या तोंडातून जरा मोठ्याने काहीतरी निघालं असेल, कारण इबेतोन उठून उभी राहिली. "काय गं? मरतोय का?" मी तिला फिल्म दाखवली. तिला त्यात काय दिसलं कोण जाणे, पण ती म्हणाली, "चाळीस वर्षं सांगतेय, या माणसाचं सगळं इतरांपेक्षा जास्तीचं आहे."

मुळं दिसली म्हणजे त्यात जायची वाट सापडली असं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. आपण शिकलो तसं दाढेत तीन कोनांचं तोंड कोरलेलं होतं. मागचा कोन मी जिभेच्या बाजूला वाढवत नेला, थोडा थोडा, चार कोन होईपर्यंत. तळ पिवळट, कुठे छिद्र नाही. मग धुवायचं औषध आत भरलं आणि हात बाजूला घेतला. वाट पाहिली. औषध संथ होतं. मग जिभेकडच्या कोपऱ्यातून एक बुडबुडा आला. थोड्या वेळाने आणखी एक, त्याच जागेतून. मग ते येतच राहिले, बारीक, ओळीने. आत औषधाला लढायला काहीतरी मिळालं होतं.

त्या जागी सळई टेकवली आणि ती रुतली.

ओझांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी विचारलं, दुखलं का? त्यांनी मान हलवली. नंतर म्हणाले, "दुखलं. पण तिथेच दुखलं. वर्षभर सगळं तोंड दुखत होतं, आज पहिल्यांदा कळलं कुठे."

ते मूळ टोकाशी गालाच्या दिशेने वळतं. म्हणून सगळ्यात बारीक फाइल घेऊन तिचं टोक आधी बोटांनी वाकवलं. ढकलली नाही, नुसती जाऊ दिली. ती टोकाला पोचली. बाहेर काढली तेव्हा तुम्ही ज्याला कचरा म्हणालात तो तिच्यावर होता, आणि वासही. फाइल तुटली नाही. हे मुद्दाम लिहिते.

दुसऱ्या दिवशी सूज अर्ध्यावर आली होती. नळी औषधाने भरून ठेवली आहे. फिरोइच्या आधी कायमची भरीन.

आता दुसरी गोष्ट. दवाखान्यात काढलेले दात मांगलेम धुऊन औषधात ठेवायचे, ती मोठी बरणी इथेच आहे. शुक्रवारी पेशंट नव्हता. बरणी ताटात उपडी केली आणि खालच्या पहिल्या मोठ्या दाढा वेचून ओळीत मांडल्या. दर चार-पाच दाढांमागे एकीला जिभेच्या बाजूला तिसरं मूळ आहे. काहींना ते करंगळीच्या नखाएवढंच आहे. काहींच्या त्या जागी नुसता तुटल्याचा व्रण आहे. म्हणजे दाढ ओढताना ते मूळ मोडून माणसाच्या जबड्यातच राहिलं. ओझांची दाढ मी काढायला गेले असते तर त्या आकड्याचंही तेच झालं असतं. सूज तशीच राहिली असती आणि दाढही गेली असती.

असे दात आम्ही दोघांनीही पूर्वी पाहिलेले. दिसला की 'विचित्र आहे' म्हणायचं आणि बरणीत टाकायचं. विचित्रांची एवढी रास होईपर्यंत कोणी त्यांना शेजारी शेजारी मांडलं नाही.

तर मांगलेमनी चुकवलं. तिसरी नळी त्यांना सापडली नाही. पण घाई केली नाही. जेवढं शिकवलं होतं तेवढं त्यांनी शेवटपर्यंत नीट केलं. आपल्याला शिकवणारं पुस्तक ज्या लोकांच्या जबड्यांवरून लिहिलं, ते लोक आपल्यासारखे मैतेई नव्हते.

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, म्हणून तीन दाढा कापसात गुंडाळून पाठवते. तिरकी फिल्मही आहे. हात हललेला नाही.

तंफा


कलकत्ता, ८ डिसेंबर १९९६

तंफा,

नगारीच्या रिकाम्या डब्यातून दात पाठवणारी बाई पृथ्वीवर दुसरी नसेल. माझ्या विभागात दोन दिवस कोणी पाय ठेवत नाही. दत्ताबाबू, आमचे मुख्य, दारातून नाक दाबून विचारून गेले, "बिराहरीबाबू, पेशंट दातासकट आला होता का?"

आता मी जे लिहितो ते उभं राहून वाच, कारण मी बसून लिहू शकत नाहीये.

तुझी फिल्म पाहिली. पहिल्यांदा म्हणालो, एखादी दाढ असते अशी. मग दात पाहिले. म्हणालो, तीन दाढा असतात अशा. मग चहा मागवला. बिस्किट डावीकडे चावायची माझी सवय आहे, ते दाढेत अडकलं, मी जिभेने ते काढायला गेलो आणि जीभ तशीच थांबली. तंफा, मी कोण आहे? माझा जन्म नंबोलचा. माझा बाप कोण, आई कोण? माझा जबडा कोणाचा?

उठलो. एक्स-रेच्या खोलीत गेलो. मदतनीस बाईंना म्हटलं, माझी खालची दाढ, डावी-उजवी दोन्ही, आणि नळी तिरकी धरा. त्या म्हणाल्या, "सर, तिरकी का? तुम्हीच शिकवता समोरून धरा म्हणून." मी म्हटलं, आज माझं ऐकू नका.

दोन्हीकडे तीन. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. ज्या तोंडाने अठ्ठावीस वर्षं "मुळं दोन" म्हणून ओरडलो, त्याच तोंडात जिभेच्या दोन्ही बाजूंना तिसरं मूळ बसलेलं! वर्गात एखाद्याने चुकून तिसरं कोरलं तर मी साबण मोडून परत द्यायचो. एका मिझो मुलीचा मी दोनदा मोडला होता, ते आत्ता आठवलं. ती आता ऐझॉलला प्रॅक्टिस करते. पत्ता शोधून तिला पत्र लिहितोय.

दत्ताबाबूंना फिल्म दाखवली. त्यांनी ती दिव्यासमोर धरली. म्हणाले, "बिराहरीबाबू, तुमचे दातसुद्धा तुमच्या वर्गात बसत नाहीत." मी इतका हसलो की बाहेर पोरं जमली.

मग थांबलो नाही. हॉस्टेलमधले आपल्याकडचे सगळे बोलावले, मणिपूर, मिझोराम, नागालँड, दार्जिलिंग. पोरी तोंडावर रुमाल धरून हसत होत्या, तरी रांग लावली. जेवढ्यांच्या फिल्म झाल्या त्यात तुझ्या बरणीसारखंच निघतंय. आणि दुसऱ्या मोठ्या दाढेचं तर आणखी वेगळं दिसतंय. काहींची मुळं एकत्र जुळून घोड्याची नाल झालेली, आणि नळी आत अर्धगोल वळलेली. तेही समोर होतं. मी बघतच नव्हतो.

आता कामाचं. मांगलेमवर घाईचा ठपका ठेवला तो परत घेतो. लेखी घेतो, हे पत्र जपून ठेव. मी त्याला शिकवलं नाही ते त्याला सापडलं नाही, आणि मी शिकवलं नाही तरी तुला सापडलं. दोन्हींचा अर्थ मला कळतो.

फेब्रुवारीत गुवाहाटीला दंतवैद्यांची सभा आहे. हे तिथे मांडायचं. लेख तू लिही. पहिलं नाव तुझं, दुसरं मांगलेमचं, दात त्याने जपले म्हणून. माझं शेवटी टाक, तेही दातांचा मालक या नात्याने. आणि व्यासपीठावर तू बोल. "लाइट गेली, लाइट आली" असं बोललीस तरी चालेल. फिल्म टांग आणि बाजूला उभी राहा.

परीक्षांची तारीख हलली नाही. मी येऊ शकत नाही. मंडपात माझी जागा रिकामी ठेव, कोणी बसायला लागलं तर बसू दे. तोन्दोनला सांग, कलकत्त्यापर्यंत ऐकू आलं पाहिजे.

तुझा,
तीन मुळांचा तामो


नंबोल, १६ डिसेंबर १९९६

तामो, खुरुमजरि.

काल फिरोइ झाली. लोक खूप आले. मंडपाबाहेर रस्त्यापर्यंत चटया टाकाव्या लागल्या. तुमची जागा ठेवली होती, तिथे मांगलेमचे आतोबा बसले.

दाढ मी अकरा तारखेला भरली. चारही नळ्या. टोपी बसवली. चौदाला ओझा दवाखान्यात शंख घेऊन आले, तिथे फुंकून बघतो म्हणाले. मी म्हटलं, इथे नको, काचा आहेत. ते अंगणात गेले. मी आतून ऐकलं. पहिला सूर लहान होता, घाबरत काढल्यासारखा. मग थोडं थांबून दुसरा. मग दोन्ही शंख एकदम. समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्याने हातातलं काम टाकून टाळ्या वाजवल्या.

काल मंडपात गायक उभे राहिले, पुंगांवर थाप पडली. मी बायकांच्या बाजूला बसले होते. शंखाची वेळ आली तेव्हा मला वर बघवेना. ओझांनी दोन्ही शंख उचलले. पांढऱ्या फेट्याखाली त्यांचा चेहरा मला एका बाजूनेच दिसत होता, डावीकडून, दाढेच्या बाजूने. गाल भरला. सूर निघाला.

तो नेहमीचा सूर नव्हता, तामो. नेहमीपेक्षा लांब होता. पुंगवाले हात वर धरून वाट बघत राहिले. मुख्य गायकाने तोंड उघडलं होतं ते तसंच ठेवलं. तरी ओझा फुंकतच होते. माझ्या मागे इबेतोन डोळे पुसत होती आणि बडबडत होती, "पुरे म्हणा कोणीतरी त्याला. आता डॉक्टर तिकडून उठून परत येईल." शेजारच्या बायका रडत होत्या त्या हसल्या आणि मग जास्त रडल्या. मी जमिनीला डोकं टेकलं आणि बराच वेळ वर केलं नाही.

संपल्यावर मी ओझांपुढे वस्त्र ठेवून वाकले. ते म्हणाले, "तो गेला तेव्हा मला बाजूला बसून रडावं लागलं होतं, शंख दुसऱ्याने फुंकला. आज माझं बोलून झालं." मग विचारलं, "तुझा भाऊ काय म्हणाला? ऐकू आलं?" मी म्हटलं, पत्र लिहिते. तर लिहिते आहे. ऐकू आलं असेल असं धरते.

बाजारातली मासळीवाली बाईही आली होती. जेवणाच्या पंगतीत तिने मला हाक मारली आणि सगळ्यांसमोर तोंड उघडून बसली. "माझी मुळं किती, बघ गं. तोन्दोनपेक्षा कमी निघाली तर मी ऐकणार नाही." मी म्हटलं, इथे बसून दिसत नाहीत, फिल्म काढावी लागते. ती म्हणाली, "मग उद्या येते. आणि नळी तिरकी धर. सरळ धरलेलं मला चालायचं नाही." तिरक्या नळीची गोष्ट बाजारात कोणी पोचवली ते सांगायला नको. इबेतोनही बाजारात विकायला बसते, तिच्या शेजारीच.

इम्फाळचे ते दंतवैद्यही आले. मांगलेमना ते ओळखत होते. जाताना दारापाशी थांबले. दाढ काढायचा सल्ला आपण दिला होता, असं त्यांनी स्वतःच काढलं. मग विचारलं, नळी किती तिरकी करता? मी हाताने दाखवलं. त्यांनी दोनदा करून घेतलं. त्यांच्याकडेही काढलेल्या दातांचं एक खोकं आहे. टाकून देणार होते, आता मला पाठवतो म्हणाले.

मी गुवाहाटीला जाईन. बोलेनही. लेख सुरू केला आहे. नावांचा क्रम तुम्ही सांगितला तसाच ठेवला आहे. मांगलेमच्या नावापुढे काय लिहायचं ते मला कळत नव्हतं. 'दिवंगत' लिहिलं, मग खोडलं. डॉ. कैशाम मांगलेम, नंबोल, एवढंच ठेवलं आहे. ते पुरेसं आहे.

तुम्ही विचारता म्हणून, मी जेवले. आज सकाळी शेजारची सून तिच्या घरी गेली, मीच तिला जा म्हटलं. मंडपवाले बांबू सोडवून घेऊन गेले. मग अंघोळ करून दवाखाना उघडला आणि हे पत्र इथेच लिहिते आहे. बाहेरच्या बाकावर अजून कोणी आलेलं नाही, पण येतील. लाइट आहे.

मधेच उठून दात कोरायच्या हँडपीसला तेल घातलं. पेडल दाबून तो मोकळा फिरवून पाहिला, आणि वर आलेलं तेल कापसाने पुसून घेतलं.

तंफा